बिनशिक्क्याचं मापटं

सारजाबाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, पण तोंड मोकळं होतं. त्या मोकळ्या तोंडाने त्यांनी चैत्रातल्या एका सकाळी जाहीर केलं की यंदाचं काळं तिखट मापानं व्हायचं, वजनानं नाही.

"गेल्या साली केलं तुमच्या ग्रॅमनं. काय झालं ते बघितलं. यंदा मापट्यानं घालायचं. तुमच्या त्या कागदावर ग्रॅम हायत न्हवं? त्याची मापटी करा. आन् माळ्यावरचं माझं मापटं तेवढं काढा."

रामहरी तळेकर चहा पीत होते. तो घोट त्यांच्या घशात मध्येच थांबला आणि बराच वेळ वर जावं की खाली याचा विचार करत राहिला. कारण मापटं माळ्यावर नव्हतं. मापटं गेल्या वर्षी मोडीत गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात भांड्याच्या दुकानातून चहाची गाळणी आली होती. आत्ता घशात अडकलेला चहा त्याच गाळणीतून गाळलेला होता.

मापटं म्हणजे अर्ध्या शेराचं माप. सारजाबाईंचं मापटं पितळेचं होतं, काठाला झिजलेलं, बुडाला पोचा आलेला. लग्नात त्यांच्या आईने दिलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिखटाची कृती म्हणून तिने हे मापटंच लेकीच्या हातात ठेवलं. पुढची छत्तीस वर्षं सारजाबाई त्याच्यानेच तिखट घालत आल्या. अमुक जिन्नस किती मापटी, असं कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. बसल्या की हात आपोआप मापायचा आणि तोंड आपोआप मोजायचं.

आता एवढी मोलाची वस्तू शहाण्या माणसाने मोडीत का घालावी? तर रामहरी हे शहाणे असण्याबरोबरच निवृत्त वजनमापे निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या बाजारांतून बिनशिक्क्याची मापं जप्त केली. धान्य वजनानेच विकलं पाहिजे, हे त्यांनी मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवलं. अशा माणसाच्या स्वयंपाकघरात बिनशिक्क्याचं मापटं म्हणजे फौजदाराच्या घरात हातभट्टी. नोकरीत असेतोवर त्यांनी डोळेझाक केली. निवृत्त झाल्यावर मात्र दिवसभर घरातच असल्यामुळे डोळे झाकणं कठीण झालं.

संधी गेल्या वर्षी आली. त्यांची लेक उत्कर्षा पुण्यात बाळंत व्हायची होती. दोन महिन्यांसाठी तिकडे निघण्याआधी सारजाबाईंनी तिच्यापुरतं तिखट घातलं. त्या आत मापत होत्या, तोंडाने मोजत होत्या, आणि सून अंकिता हॉलमध्ये बसून मोबाइलवर आकडे टिपून घेत होती. ही कल्पना रामहरींचीच. सारजाबाई पुण्याला गेल्यावर त्यांनी प्रत्येक जिन्नसाचं एक मापटं स्टीलच्या पट्टीने काठोकाठ सपाट करून काट्यावर वजन केलं, आकड्यांनी गुणलं, ग्रॅमचा तक्ता केला आणि त्याला प्लॅस्टिकचं आवरण चढवून आणलं. मग त्या तक्त्यावरून वर्षाचं तिखट स्वतः करून ठेवलं, बायकोला चकित करायला. मापट्याचं काम संपलं होतं. ते गेलं, गाळणी आली.

सारजाबाई परतल्या, आमटी केली, एक घोट घेतला आणि चकितही झाल्या. जेवून झाल्यावर हात धुता धुता नुसतं म्हणाल्या, "आईची चव गेली की ओ." आणि पदराने डोळे पुसले. रामहरींनी त्या वेळी धने विकणाऱ्या दुकानदाराला दोष दिला. पण ते पुसलेले डोळे वर्षभर त्यांच्या मनातून गेले नाहीत. बाईंची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा एक धड फोटोही नव्हता. होती ती एवढी चव, आणि तीही त्यांच्या हातून गेली.

"पण अगं," त्यांनी घसा साफ करून मुद्दा मांडला, "धने ते धनेच. वजनानं घातले काय आणि मापानं घातले काय."

"मग चव का गेली?"

ह्या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता. रामहरी शिडी आणायला गेले.

पुढचे तीन दिवस ते रोज सकाळी माळ्यावर चढत. मापटं तिथे नाही हे ठाऊक असताना ते शोधणं ही एक निराळीच कला आहे. पहिल्या दिवशी ते मुलाच्या, युवराजच्या, लहानपणचा पाळणा घेऊन उतरले. दुसऱ्या दिवशी जळालेला मिक्सर. तिसऱ्या दिवशी गणपतीचं मखर आणि डोक्यावर तीन वर्षांची धूळ.

"माळा लई झक्क झाडला तुमी," सारजाबाई खालून म्हणाल्या. "मापटं?"

"असेल कुठंतरी मागच्या बाजूला."

त्यांचा बेत साधा होता. तक्त्यावरच्या ग्रॅमवरून मापट्याचा आकार काढायचा, तेवढं एक जुनं पितळी भांडं मिळवायचं, एक पोचा पाडायचा आणि माळ्यावरून उतरवायचं. वजनमापे निरीक्षकाला एका मापाचा आकार काढणं कितीसं अवघड? त्यांनी स्वतःला पाच मिनिटं दिली.

त्यांनी तक्ता समोर घेतला. धने एक किलो तीनशे वीस. आता ही किती मापटी? अंकिताने टिपलेले आकडे तक्ता होताच मोबाइलवरून पुसले गेले होते. मापटं म्हणजे अर्धा शेर. शेर म्हणजे किती? कच्चा शेर का पक्का? करमाळ्याकडचा का सोलापूरचा? समजा मापट्यात अर्धा लिटर पाणी बसतं. पाणी अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. पण धने म्हणजे पाणी नव्हे. त्यांनी पातेल्यात अंदाजाने अर्धा लिटर उंचीपर्यंत धने भरले, ते दोनशे ग्रॅमसुद्धा भरेनात. पातेलं जरा आपटलं तर धने खाली बसले आणि वर जागा झाली. म्हणजे आपटलेलं मापटं आणि न आपटलेलं मापटं अशी दोन मापटी झाली. मिरच्यांनी तर कहरच केला. सैल भरल्या तर चार पातेली, दाबल्या तर अडीच, आणि देठं मोडून दाबल्या तर किती ते कळायच्या आत रामहरींना शिंका सुरू झाल्या. दुपारपर्यंत त्यांच्या वहीत 'सैल', 'दाबून', 'आपटून', 'देठासह' आणि 'देठाविना' असे पाच रकाने तयार झाले होते आणि कुठल्याही रकान्याचा शेजारच्या रकान्याशी काडीचा संबंध नव्हता.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये भिंती पातळ होत्या. शिंका ऐकून समोरच्या फ्लॅटमधले शिवानंद आले. हे मूळचे अक्कलकोटचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जगातला प्रत्येक प्रश्न मोबाइलमध्ये सुटलेला असतो, फक्त लोक बघत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

"त्यात काय अवघड आहे ओ तळेकर? हे बगा की. एक कप म्हंजे दोनशे चाळीस मिली. सगळ्या जगात."

"कुठला कप?"

"कप म्हंजे कप. चहाचा."

"शिवानंद, आपल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातला कप दोन घोटांत संपतो. तुमच्या घरचा कप म्हणजे तांब्या आहे."

शिवानंद थोडे दुखावले. घरी गेले आणि एक लोखंडी माप घेऊन परत आले. "हे आमच्या आजोबाचं. अच्चेर म्हणतो आम्ही. अर्धा सेर. तुमचं मापटं ते आमचं अच्चेर. पाणी मापा आणि लिहा, विषय संपला."

पाणी मापायला घरात खुणा असलेलं एकच भांडं निघालं: खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, दहा मिलीचं. रामहरींनी बैठक मारली. टोपण भर, अच्चेरात ओत, मोज. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस...

"काय करायलालाव ओ भाऊ?" दारातून आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा होत्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या माग होता, आता मुलगा बँकेत होता. पण धागे मोजायची सवय असल्यामुळे कुणी काही मोजत असलं की त्यांना थांबून बघावंसं वाटे.

मोजणी हुकली. पुन्हा पहिल्यापासून. एकोणचाळीसला फोन वाजला. पुन्हा पहिल्यापासून. एकदा भांडं त्रेचाळीस टोपणांत भरलं, एकदा सत्तेचाळीसात. पाच ग्रॅमच्या फरकासाठी ज्यांनी भल्या भल्या व्यापाऱ्यांना खटल्यात ओढलं, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर एकाच भांड्यात चाळीस मिलीची तफावत आली. त्यांनी हळूच वहीचं पान उलटलं.

"आमच्यात मापायला सोल असतंय," सावित्रम्मा म्हणाल्या. "आणू का? पण भाऊ, कुठलंबी भांडं घेतलं म्हणून काय होतंय? सगळं एकाच भांड्यानं मापलं की झालं की."

हे इतकं बरोबर होतं की रामहरींना त्याचा राग आला. कुठलंही भांडं चालत असतं तर प्रश्नच नव्हता. भांडं ओळखणारी बाई पलीकडच्या खोलीत हात गळ्यात बांधून बसली होती, हे मात्र चारचौघांत सांगता येत नव्हतं. "शास्त्रीय दृष्ट्या ते योग्य नाही," एवढंच ते म्हणाले. सावित्रम्मा तरीही सोल घेऊन आल्याच. संध्याकाळी टेबलावर अच्चेर, सोल, टोपण, पातेलं आणि एक बादली होती, आणि मापटं म्हणजे नक्की केवढं याबद्दल रामहरींना सकाळी जेवढं माहीत होतं तेवढंही आता उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकदम सुचलं. आपण एवढी मापटी जप्त केली, त्यातलं एखादं कार्यालयाच्या कोठीत असेलच की! त्यांनी सफारी घातली, खिशाला पेन लावलं आणि जुन्या कार्यालयात गेले. शिपायाने "काय काम आहे?" असं विचारलं, तिथेच अर्धा उत्साह गेला. खुर्चीवर उदयसिंह नावाचा तरुण अधिकारी होता. वागायला अतिशय नम्र, आणि नम्र माणसाकडून काम करून घेणं किती कठीण असतं हे रामहरी विसरले होते.

"बसा ना सर. अर्ज आणलाय का?"

"अर्ज कशाला? एक जुनं मापटं बघायचंय फक्त."

"तरी अर्ज लागेल सर. प्रयोजन लिहा."

रामहरींनी लिहिलं: प्रयोजन, घरगुती तिखट. उदयसिंहाने ते दोनदा वाचलं, मग रजिस्टर मागवलं आणि एका पानावर बोट ठेवलं. जप्त केलेली एकशे बारा मापटी पंचांसमक्ष ठोकून निकामी करण्यात आली, असं तिथे लिहिलं होतं. खाली सही होती. झोकदार, शेपूट काढलेली.

"सही आपलीच आहे ना सर?"

"माझीच," रामहरी म्हणाले.

"आणि सर, कोरड्या मालाला आता माप नाहीच. वजनच. मापटं घरात ठेवलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर..." तो अवघडला. "आपणच ट्रेनिंगला शिकवलं होतं आम्हाला."

आपल्याच शिष्याने आपलाच धडा आपल्यालाच म्हणून दाखवावा, हे निवृत्तीनंतर सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण ते अर्जाच्या पोचपावतीसह यावं, हे फार झालं. पोचपावती घेऊन ते बाहेर पडले.

आता एकच जागा उरली. मंद्रूपचा आठवडी बाजार. तिथल्या म्हाताऱ्या बायका अजून मापट्याने कडधान्य देतात असं नोकरीत असताना कानावर येई, आणि तेव्हा ते धाड घालत. बाजाराच्या दिवशी त्यांनी स्कूटरच्या डिकीत तक्ता ठेवला, तक्त्याप्रमाणे काट्यावर मोजून धन्यांची पिशवी घेतली आणि सारजाबाईंना "जरा गुळाचा भाव बघून येतो" असं सांगून निघाले.

बाजारात एका कडेला पोत्यावर हुलगे, मटकी, तीळ मांडून एक म्हातारी बसली होती. कपाळावर भलं मोठं कुंकू, शेजारी काठी. रामहरी दहा हातांवर आले तसं तिने पुढ्यातलं काहीतरी झटकन पोत्याखाली सारलं आणि मागचा इलेक्ट्रॉनिक काटा ओढून पुढे ठेवला.

"काटा हाय साहेब. शिक्का हाय. औंदाचाच हाय, बगून घ्या."

"मावशी, तुम्ही मला ओळखता?"

"वळकत न्हाय व्हय? मी केराबाई. माजं मापटं तुमीच न्हेलं हुतं की. हितनंच. हीच कापडं हुती अंगावर."

रामहरींनी सफारीकडे पाहिलं. शिलाई मजबूत होती. "मावशी, मी आता रिटायर झालोय. मला मापटंच पाहिजे."

"मापटं? ते काय असतंय?"

"आत्ता पोत्याखाली सारलंत ते."

"ते व्हय? ते पानाचं डबडं हाय."

"मी खरंच रिटायर झालोय हो."

"आसं म्हनूनच धरत्यात."

शेवटी रामहरी तळेकर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, बाजाराच्या मातीत केराबाईसमोर मांडी घालून बसले. आणि वर्षभर जे ते कुणाला बोलले नव्हते ते ह्या अनोळखी बाईला सांगून मोकळे झाले. सासूचं मापटं मोडीत घातलं. चव गेली. बायको रडली. आणि अजून तिला वाटतंय की मापटं माळ्यावर आहे.

केराबाईने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बाजारातली न्हेली ती न्हेली, घरातलंबी सोडलं न्हाय," ती म्हणाली आणि पोत्याखाली हात घातला.

ते बाहेर आलं तेव्हा रामहरींना भरून आलं. पितळी, काठाला झिजलेलं, हुबेहूब तसंच. फक्त पोचा दुसऱ्या बाजूला होता. त्यांनी लगबगीने धन्यांची पिशवी पुढे केली. केराबाईने मापटं धन्यात खुपसलं, भरून उचललं, वर हाताने आणखी ओतलं, इतकं की काठावर उभी रास झाली आणि दोन-चार दाणे घरंगळले. रामहरींचा हात बत्तीस वर्षांच्या सवयीने पुढे गेला आणि त्यांनी ती रास सपकन सपाट केली.

केराबाईने त्यांच्या हातावर चापट मारली. भर बाजारात.

"शीग मोडताय व्हय? शीग लावल्याबिगार मापटं हुतंय का कवा?"

"पण काठापर्यंत म्हणजेच माप..."

"ते तुमच्या हापिसात. घरात बाई मापाय बसली की शीग लावूनच मापती. कुनी का आसंना."

तिने पुन्हा शिगेसकट मापलं. पहिलं मापटं ओतताना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली, मग दोन, तीन, चार, पाच म्हणत गेली, आणि सहाव्याला पिशवी संपली. मापटं काठापर्यंतही भरलं नाही.

"पाचाच्या वर आन् सहाच्या आत आसं कुनी मापतंय का? तुमच्या मालकिनीनं सहा घातलं आसंल, शीग लावून. तुमी शीग मोडून वजन केलं." केराबाईने हिशेब एका दमात मांडला. "कमी पडलं. मंग चव जानार न्हाय तर काय?"

रामहरींना स्टीलची पट्टी आठवली. त्या पट्टीने त्यांनी प्रत्येक मापट्याची शीग किती काळजीपूर्वक मोडली होती! त्यांना लाज वाटली, आणि बरंही वाटलं. कोडं सुटलं होतं. आभार म्हणून आपणही काही घ्यावं असं वाटून ते म्हणाले, "मावशी, एक मापटं तीळ द्या."

केराबाईने तिळाचं मापटं शिगेने भरलं, पिशवीत ओतलं, "लाभ," म्हणाली आणि मापटं खाली ठेवलं.

रामहरी पेन उघडून बसले होते. "किती झाले?"

"लाभ झालं की."

"हो, पण किती?"

"अवो, लाभ म्हंजे येक! मापताना पैल्याला येक कोन म्हनतंय? लाभ म्हनायचं, मंग दोन, मंग तीन. कुटल्या गावचं तुमी?"

रामहरी करमाळ्याकडच्या केमचे होते. केमच्या खळ्यावर त्यांचे वडील ज्वारी मापायला बसले की पहिल्या पायलीला "लाभ" म्हणत आणि मगच दोन. पुढे बसलेल्या रामहरींनी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि किलोच्या नोकरीत समूळ विसरून गेले होते. त्यांनी डिकीतून तक्ता आणला. मिरच्या, धने, खोबरं, सगळ्यांसमोर ग्रॅम होते. आणि मध्येच चार ओळी: जिरं, तीळ, दगडफूल, तमालपत्र. त्यांच्यासमोर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात एकच शब्द चार वेळा लिहिला होता: निरंक.

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला.

"अंकिता, त्या दिवशी आई मोजताना लाभ म्हणत होत्या का?"

"हो बाबा. मला वाटलं शुभ म्हणून म्हणतात. लाभ म्हणायच्या आणि मग दोन, तीन. पण काही वेळा लाभ म्हणून गप्पच बसायच्या, पुढे आकडाच नाही. मग मी त्या वस्तूंपुढे रिकामं सोडलं. तुम्ही नंतर भराल म्हणून."

आणि त्यांनी भरलं होतं. सरकारी तक्त्यात रकाना रिकामा सोडत नाहीत. माहिती नसली की निरंक लिहितात. बाळंतिणीच्या तिखटाला दगडफूल चालत नसेल, असं त्यांनी स्वतःचं समाधानही करून घेतलं होतं. वर्षभर त्या घराने जिऱ्याशिवाय आणि तिळाशिवाय काळं तिखट खाल्लं, आणि दोष दिला धने विकणाऱ्या दुकानदाराला.

"मावशी, हे मापटं मला पाहिजे."

"इकत न्हाय. आट दिसानं आनून द्या," केराबाई म्हणाली. "आन् पावती लिवा. तवा तुमी मला दिली हुती, तशी."

रामहरींनी पावती लिहिली. एक मापटं, पितळी, बिनशिक्क्याचं, मिळालं. सही केली, शेपटासकट. केराबाईने ती घडी घालून चंचीत ठेवली.

परत येताना रस्ताभर ते ठरवत होते. मापटं गुपचूप शिडीवर घेऊन चढायचं आणि "सापडलं!" म्हणून ओरडायचं. पोचा दुसऱ्या बाजूला होता, पण बाजू कोण बघतंय? घरी आले तर सारजाबाई सोफ्यावर बसल्या होत्या, गळ्यात बांधलेला हात मांडीवर. त्या बाईने मापट्यासाठी इतक्या दिवसांत एकदाही आवाज चढवला नव्हता, हे रामहरींच्या आत्ता लक्षात आलं. शिडी भिंतीला टेकलेली होती. ते शिडीजवळ गेले आणि तिथूनच परत फिरले.

"अगं, हे तुझं मापटं नाही," ते म्हणाले. "तुझं मी मोडीत घातलं. सदर प्रकरणी चूक सर्वस्वी माझी आहे."

"ठावं हाय मला."

"केव्हापासून?"

"गाळणी आली त्या दिसापासनं. आपल्या घरात फुकट गाळणी कोन आनून देतंय?"

"मग मला माळ्यावर का चढवलंस?"

"म्हटलं, बोलतायसा का बघावं. तुमी माळाच झाडीत बसलात." त्या हसल्या, पण लगेच हसू गेलं. "चव गेली म्हनून रडले न्हाय मी. इचारलंसुदिक न्हाय तुमी मला."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"न्हाय."

"म्हणून नाही विचारलं," रामहरी म्हणाले आणि खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, शीग, केराबाईची चापट, लाभ आणि निरंक. निरंकला सारजाबाई अशा हसायला लागल्या की प्लॅस्टरमधला हात दुखला. "मला वाटलं माझ्याच तोंडाची चव गेली," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "वर्सभर वाटत हुतं, आपुन आईला इसरायला लागलो."

हे ऐकून रामहरींना मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिखट मापायला रामहरी जमिनीवर बसले, सारजाबाई समोर पाटावर. अंकिताने रजा घेतली होती. शिवानंद आणि सावित्रम्मा आपापली मापं परत न्यायला म्हणून आले आणि बसलेच. मिरच्या दाबून का सैल यावर दोघांचा वाद सुरू झाला तो सारजाबाईंनी डाव्या हाताने थांबवला. रामहरींनी पहिलं मापटं भरलं, शीग लावली, परातीवर नेलं आणि तोंड उघडलं. सवयीने जीभ 'ए'कडे वळत होती. सारजाबाई बघत होत्या.

"लाभ," रामहरी म्हणाले.

कांडपातून तिखट येईपर्यंत दुपार झाली. सारजाबाईंनी सुनेकडून आमटी करून घेतली, पाठीमागे उभं राहून. ताटं वाढली. त्यांनी डाव्या हाताने वाटी तोंडाला लावली आणि घोट घेतला. रामहरी जेवत नव्हते, बघत होते. सारजाबाईंनी वाटी खाली ठेवली नाही. सगळी प्यायल्या, मग रिकामी वाटी अंकितापुढे धरली.

"घाल," म्हणाल्या. "आईची हाय."

रामहरींना ठसका लागला. तिखटाचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

जेवणानंतर अंकिताने विषय काढला. मापटं आठ दिवसांनी परत जाणार, तर आता नीट लिहून ठेवायला हवं; पुढच्या वर्षी तिला एकटीला घालायचं झालं तर? रामहरींनी कोरा कागद घेतला, तीन रकाने आखले. जिन्नस, मापटी, ग्रॅम. पहिल्या दोन रकान्यांत ते सावकाश लिहीत गेले. धने, सहा, शीग लावून. जिरं, लाभ. तीळ, लाभ. दगडफूल, लाभ. तमालपत्र, लाभ.

"आणि ग्रॅम किती, बाबा?" अंकिताने विचारलं.

रामहरींनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक.